पाचशे एक्क्याण्णवावं चित्र

आमच्या दुकानाच्या बोर्डावर नवऱ्याचा कॅमेरा घेतलेला फोटो आहे, त्यामुळे येणारं गिऱ्हाईक आधी त्यालाच शोधतं. साहेब नाहीत का? मी म्हणते, साहेब शूटिंगला गेलेत, काम सांगा. तरी ते बाकड्यावर बसून साहेबांची वाट बघतं. तासाभरानं साहेब येतात, त्याचं सगळं ऐकून घेतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "हे काय म्हणतायत बघ गं जरा." पंधरा वर्षं हेच चाललंय. आधी मला याचा फार राग यायचा. आता हसू येतं, पण रागही पुरता गेलाय असं नाही.

मी डिंगोऱ्याची, दिली पिंपरी पेंढारला, आणि दुकान आळेफाट्यावर. नवरा शूटिंग करतो आणि मी मिक्सिंग. म्हणजे तो कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या टेबलावर ठेवतो आणि तिथून पुढं ते लग्न माझं. लग्नं, साखरपुडे, बारशी, दशक्रियेची प्रवचनं, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांमधले बैलगाडे. जुन्नर-आंबेगावात कुणाच्या घरी काय गोड झालं आणि काय कडू झालं, ते मला इतरांच्या आधी कळतं. मी कुणाला सांगत नाही, हा माझा मोठेपणा.

हे काम मी कुठल्या क्लासात शिकले नाही. पहिल्याच वर्षी येडगावचे एक वधूपिता पेनड्राइव्ह घेऊन परत आले. म्हणाले, टीव्हीवर आवाज येतो, चित्र येत नाही. मी पेनड्राइव्ह बदलून दिला. चार दिवसांनी पुन्हा आले, तेच. मी पुन्हा बदलून दिला. तिसऱ्यांदा आले तेव्हा दुकानात चार माणसं बसलेली होती, आणि ते शांतपणे म्हणाले, "ताई, पोरीचं लगीन आमी रेडिओवर ऐकल्यागत ऐकतोय." सगळे हसले. मी पण हसले, पण कान तापले होते. नवऱ्यालाही काही सांगता येईना. त्या दिवशी ठरवलं, हे नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं लग्न हातात घ्यायचं नाही.

बारावीपुरतं इंग्रजी होतं. त्याच्या जोरावर कॉम्प्युटरवर सापडेल ते वाचत बसले. एक ओळ वाचायची, तीन शब्दांचे अर्थ शोधायचे, पुन्हा ती ओळ वाचायची. आठ दिवसांनी डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला ते द्राक्षांमुळे. लग्नाआधी दोन हंगाम मी पॅकहाउसला जात होते. तिथं पेटीवर काय छापलंय आणि आत घड कसे भरलेत, या दोन वेगळ्या गोष्टी असत. फाइलचंही तसंच. नावाच्या शेवटी एमपीफोर लिहिलेलं असतं, एव्हीआय असतं, एमकेव्ही असतं. ती नुसती पेटी. आत चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय, ते त्या शेवटच्या अक्षरांवरून कळत नाही. त्या भरायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जो ती पद्धत जाणतो, त्यालाच पेटी सोडता येते. त्या येडगावकरांच्या टीव्हीला जुनी पद्धत माहीत होती आणि मी हौसेनं नव्या पद्धतीनं भरलं होतं. आवाज वेगळा भरलेला असतो, तो टीव्हीला ओळखता आला. चित्र नाही आलं.

मी तेच लग्न जुन्या पद्धतीनं भरून दिलं. संध्याकाळी फोन आला. "दिसलं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

मग मला त्याचं वेडच लागलं. एवढा तीन तासांचा व्हिडिओ एवढ्याशा फाइलीत कसा मावतो, ते समजलं तेव्हा मी एकटीच हसले. कोडेक प्रत्येक चित्र पूर्ण ठेवतच नाही. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त बदललं काय ते लिहून ठेवतो. मांडव तोच, भटजी तेच, मामाच्या हातातला अंतरपाटही तोच. हललं काय, तर नवरीची मान. तेवढंच लिहायचं. पण "शुभ मंगल सावधान" झालं आणि चारशे माणसांनी अक्षता टाकल्या की कोडेकची तारांबळ उडते. प्रत्येक दाणा हलतो! जागा पुरत नाही, मग चित्राचे चौकोन चौकोन दिसतात. म्हणून मी अक्षतांच्या वेळेला जास्त जागा देते. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त आमच्याकडच्या अक्षता मोत्यासारख्या दिसतात एवढंच दिसतं. बाकीच्या दुकानांत त्या भिजलेल्या भातासारख्या दिसतात. हे मी गर्वानं सांगते आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

हे सगळं मी माहेरी सांगायला जायचे आणि वडील उठून गोठ्यात जायचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांच्या लेखी माझं काम म्हणजे पिच्चरचं काम. पाव्हण्यांना ते सांगत, जावयाचा फाट्यावर फोटोचा धंदा आहे, चांगलं चाललंय. लेक काय करते, असं कुणी विचारलं तर म्हणत, असते दुकानात बसून. त्यांना खरं काम म्हणजे बैल, आणि कौतुक म्हणजे घाट. आमच्याकडे गाडे जोडीनं पळत नाहीत, एकेकटे पळतात. चढाचा घाट, खाली झेंडा पडतो, पुढं घोडी आणि मागं बैलांच्या दोन जोड्या, आणि वरच्या निशाणाच्या दोरीपर्यंत किती सेकंद लागले त्यावर सगळं. त्या एका पळण्याला बारी म्हणतात. दिवसभरात सगळ्यांत कमी वेळात जो येतो तो घाटाचा राजा. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांतसुद्धा अण्णांनी बैल विकले नव्हते. भिंतीवर दुसऱ्या नंबरच्या, तिसऱ्या नंबरच्या ढाली होत्या. सत्तरी उलटली तरी घाटाचा राजा काही झाले नव्हते. आणि पुढच्या जोडीतला पांढरा बैल आता उतरणीला लागला होता, हे बोलून कुणी दाखवत नसलं तरी घरात सगळ्यांना माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेतली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आमचे पाव्हणे आहेत आणि मला तिथली लग्नं मिळतात. शूटिंग आमचंच होतं. मी दुकानात होते. घाटात बायका तशा कमीच जातात, आणि मला कामही होतं. दुपारी दोनच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. मागं नुसता गोंगाट. म्हणाला, तुझा लॅपटॉप घे आणि ये, अण्णांच्या बारीवरून भांडण लागलंय.

गाडी काढून गेले. वाटेत त्यानं फोनवर जे सांगितलं ते असं. अण्णांचा गाडा असा सुटला होता की बघणारे उभे राहिले. निशाण जवळ आलं आणि आमच्याच भावकीतल्या पोरांना दम निघेना. बैल पोचायच्या आधीच त्यांनी भंडारा उधळला आणि धावत पुढं घुसले. त्या गडबडीत कुणाच्या तरी पायात निशाणापाशी बारी मोजणाऱ्या विजेच्या घड्याळाची वायर आली. घड्याळ थांबलंच नाही. पळत राहिलं. आता अण्णांची बारी किती सेकंदांची, हे सांगणारं कुणी नाही.

अशा वेळी पुन्हा बारी द्यायची पद्धत आहे. पंचांनी ती दिलीही. अण्णा म्हणाले, बैल आत्ता जीव तोडून पळालाय, या उन्हात मी त्याला पुन्हा जुंपणार नाही. तुम्हाला मोजता येत असेल तर मोजा, नाहीतर माझं नाव काढून टाका. आता नाव कसं काढणार? त्या वेळेला पहिल्या नंबरला आंबेगाव तालुक्यातला एक गाडा होता. त्याला घड्याळानं अकरा सेकंद आणि वर त्र्याऐंशी शतांश दिले होते. डोळ्यांना तर अण्णांचा गाडा तसाच आला होता, थोडा पुढं का थोडा मागं, एवढंच ठरायचं होतं. मग कुणाला तरी सुचलं, शूटिंग आहे ना, त्याच्यावरून मोजा.

आणि इथं त्यांनी जे केलं ते आमच्याच भागातली माणसं करू जाणोत. पंचांनी कमिटीचा जुना लॅपटॉप आणला, त्यात कॅमेऱ्याचं कार्ड घातलं, व्हिडिओ लावला आणि स्क्रीनसमोर हातातलं सेकंदाचं घड्याळ धरून बसले. लॅपटॉपवर झेंडा पडला की अंगठा दाबायचा, बैल निशाणाला लागला की पुन्हा दाबायचा. पहिल्यांदा आले साडेतेरा सेकंद. दुसऱ्यांदा चौदाच्या वर. तिसऱ्यांदा तेराच्या आत. आंबेगावकर हसायला लागले. आमची भावकी चिडली. तेवढ्यात माझ्या चुलतभावानं नवऱ्यानं गावच्या ग्रुपवर टाकलेला तोच व्हिडिओ मोबाइलवर एकेक चित्र पुढं सरकवत मोजला. तीनशे एकोणपन्नास चित्रं, एका सेकंदाला तीस, म्हणजे अकरा सेकंद त्रेसष्ट. झालं! भावकीनं हलगी सुरू केली आणि अण्णांना खांद्यावर घेतलं.

मी पोचले तेव्हा अण्णा गुलालानं लाल झालेले होते. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला बघून त्यांनी हात वर केला. मला वाटलं, हे असंच राहू द्यावं आणि आल्या पावली परत जावं.

पंच म्हणजे गावातले एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी बाजारात धान्य मापायचं काम केलेले, धोतर आणि करडी नजर. त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं आणि विचारलं, या दोन्हींतलं खरं कुठलं. मी कमिटीचा लॅपटॉप चालवून पाहिला. झेंडा पडला, चित्र अडकलं, एकदम उडी मारून पुढं गेलं, पुन्हा अडकलं. कळायला वेळ लागला नाही. स्टँडवरच्या कॅमेऱ्यात आम्ही सेकंदाला पन्नास चित्रं घेतो आणि दिवसभराच्या बाऱ्या कार्डात मावाव्यात म्हणून नव्या कोडेकमध्ये भरतो. ती पेटी सोडायला दमदार मशीन लागतं. या बिचाऱ्याला सेकंदाला पन्नास सोडवत नव्हती, तो मागं पडत होता. म्हणजे अंगठा ज्याची वेळ घेत होता तो बैल नव्हताच, तो लॅपटॉप होता.

हे मी सांगितलं तशी भावकी आणखी खूश झाली. मग मी चुलतभावाचा मोबाइल हातात घेतला.

ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पोचेपर्यंत आकसलेला असतो. फाइल लहान व्हावी म्हणून तो पुन्हा दाबला जातो. पन्नासातली तीस चित्रं राहतात, आणि तीसही सगळीकडे सारखी राहत नाहीत, कुठं कुठं आणखी गळतात. जी चित्रं गळाली ती चुलतभावानं मोजलीच नव्हती, आणि भागलं मात्र पुऱ्या तीसनं. त्यामुळे अण्णांचा गाडा होता त्याहून वेगानं पळाला. शिवाय निशाणापाशी भंडारा उडाला होता तिथं नुसते पिवळे चौकोन होते. बैलाचं तोंड कुठं आणि भंडारा कुठं, ते त्यात कळतच नव्हतं. मी म्हणाले, हे पण खरं नाही.

हलगी थांबली. चुलतभाऊ माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मी घरातला दिवाच विझवलाय. त्याच वेळी आंबेगावच्या बाजूनं कुणीतरी बोललं, मोजणारी कोण तर गाडामालकाची लेक, आता ती बापाला हरवणार आहे का? त्याचंही खोटं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते.

मग मी पंचांना सांगितलं की माझा लॅपटॉप घ्या आणि कार्डातली मूळ फाइल लावा. व्हिडिओ चालवायचाच नाही. झेंडा पडतो ते चित्र थांबवायचं आणि बाणाचं बटण दाबत एकेक चित्र मोजत वर यायचं. एका सेकंदात पन्नास, त्यात कमीजास्त काही नाही. आणि नुसती अण्णांची बारी मोजायची नाही, आंबेगावकरांचीही याच मापानं मोजायची. त्यांना घड्याळानं दिलेला वेळ आपल्याकडे आहे. माझं माप त्याच्याशी जुळलं तर पुढं जायचं, नाही जुळलं तर मी लॅपटॉप मिटून घरी जाते.

"आणि बटण मी दाबणार नाही," मी म्हणाले. "त्यांनी दाबायचं."

आंबेगावचा गाडामालक पुढं आला. जाड मिशांचा, शर्टाच्या खिशात भंडाऱ्याची पुडी. त्यानं बोट बटणावर ठेवलं, आणि मी दोन्ही हात मागं बांधून उभी राहिले. पंच मोजायला बसले. त्यांनी पहिल्याच चित्राला म्हटलं, "लाभ."

मी म्हणाले, पहिलं चित्र शून्य धरायचं, झेंडा आत्ता पडलाय, अजून वेळ गेलाच नाही. पंचांना ते पटेना. त्यांनी आयुष्यभर धान्य मापलं होतं, आणि मापाची सुरुवात कुणी शून्यानं करत नाही. पहिलं माप लाभाचं, मग दोन, मग तीन. यात्रेच्या दिवशी शून्य म्हणायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी तोड निघाली. ते लाभ म्हणून मोजणार, आणि दोन्ही बाऱ्यांत शेवटी एक कमी करायचं. माझ्या कॉम्प्युटरचा आणि त्यांच्या मापाचा असा समझोता झाला.

लाभ, दोन, तीन, चार. टेबलाभोवती माणसांचं कडं पडलं. शंभरापाशी आजूबाजूचे मोजायला लागले, दोनशेपाशी सगळेच. निवेदकानं माइक टेबलावर ठेवून दिला होता, त्यातून ते आकडे घाटभर ऐकू जात होते. आंबेगावच्या गाड्याचं तोंड निशाणाला लागलं तेव्हा पंच म्हणाले पाचशे ब्याण्णव. एक कमी, पाचशे एक्क्याण्णव. मी पन्नासनं भागून दाखवलं. अकरा सेकंद ब्याऐंशी. घड्याळात होते त्र्याऐंशी. गर्दीत एकदम गलका झाला. माप खरं निघालं होतं, आणि तेवढ्यापुरतं मला दुसरं काही सुचलं नाही. इतका आनंद झाला की बटण त्या माणसाच्या बोटाखाली होतं तेच बरं, नाहीतर मी आनंदात दोन चित्रं पुढंच गेले असते.

मग अण्णांची बारी. अण्णा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. गुलाल घामानं ओघळत होता. सुरुवातीला तेही सगळ्यांबरोबर मोजत होते. पाचशेनंतर त्यांचा आवाज बंद झाला. पाचशे ऐंशीपासून भंडारा दिसायला लागला, आणि त्यातून बैल पुढं येत होते. पंचांनी पाचशे ब्याण्णव म्हटलं आणि हात वर करून थांबवलं. एक कमी, पाचशे एक्क्याण्णव. हेच ते चित्र. इथं बैल निशाणाला लागलेला असेल तर दोघं बरोबरीत, आणि राजेपण दोघांत वाटून.

पडदाभर पिवळं होतं. पंच डोळे बारीक करून वाकले. म्हणाले, मला तर लागल्यासारखं दिसतंय. मग हळूच असंही म्हणाले, की दोन्ही तालुक्यांत सारखं झालं तर यात्रा गोडीत पार पडंल.  आंबेगावच्या गाडामालकालाही नीट दिसत नव्हतं, आणि बरोबरीला त्याची ना नव्हती. सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

मला दिसत होतं. रोज दहा तास मी हेच बघते. भंडाऱ्याच्या मागं एक काळपट ठिपका होता, ते पांढऱ्या बैलाचं नाक होतं. आणि निशाणाची दोरी त्याच्या पुढं होती, एक हात पुढं. "लागलंय" म्हटलं असतं तर तिथं मला खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. अण्णा सत्तरीत पहिल्यांदा घाटाचे राजे झाले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडे बघत हळू विचारलं, "बाय, तुला काय दिसतं?"

 मी म्हणाले, "नाही लागलं अण्णा. अजून दोन आहेत."

मी उजेड वाढवून तो नाकाचा ठिपका सगळ्यांना दाखवला. आंबेगावकरानं बटण एकदा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं, आणि नाक दोरीला लागलं. पाचशे त्र्याण्णव. अकरा सेकंद श्याऐंशी.   अण्णांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंडावरचा गुलाल पुसला आणि निवेदकाला म्हणाले, "पुकारा राव. पोरीचं बरोबर हाय."

नंतर ते बैलांकडे निघून गेले. माझ्याशी बोलले नाहीत. आंबेगावचा गाडामालक मात्र जाताना माझ्यापाशी थांबला. त्यानं खिशातली पुडी काढली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. म्हणाला, ताई, आमच्या घाटाला पण तुम्हीच या. त्या वर्षी मी सहा घाटांवर मोजायला गेले, त्यातले चार आंबेगावचे. अजून जाते. बाई पंचांच्या टेबलाशी बसते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. आता कुणी बघत नाही, चहा आणून देतात.

पण हे पुढचं झालं. त्या आठवड्यात मी फार वाईट काढले दिवस. आईला फोन केला की आई म्हणायची, ते गोठ्यात आहेत. चुलतभावानं बोलणं टाकलं होतं. नवरा म्हणाला, तू बरोबर केलंस. मला माहीत होतं मी बरोबर केलं. त्यानं काही रडू थांबत नाही.

आठव्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर समोरच्या पायरीवर अण्णा. एसटीनं एकटे आले होते. दुकान काढल्यापासून इथं पहिल्यांदाच. बाकड्यावर बसले, चहा घेतला. आईचं विचारलं तर म्हणाले बरी आहे, बैलाचं विचारलं तर म्हणाले बरा आहे.  मी माझं काम सुरू केलं. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं, पेनड्राइव्हवर बारशाचा व्हिडिओ, आवाज येतो, चित्र येत नाही. तेही अण्णांकडे बघून म्हणालं, साहेब कुठंयत?

"साहेब तिकडं बसल्यात," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला सांगा."

मी मान खाली घालून पेटी सोडली, बारसं जुन्या पद्धतीनं भरलं आणि दिलं. माणूस गेल्यावर अण्णा उठून माझ्या खुर्चीमागं आले. ती बारी दाखव म्हणाले. मी लावली. झेंड्यापासून निशाणापर्यंत त्यांनी स्वतः बाणाचं बटण दाबलं, एकेक करून, आकडे न म्हणता. पाय कसा पडतोय, मान कशी जातेय, ते सगळं त्यांनी पाहिलं. मध्ये एकदा म्हणाले, चाळीस वर्षं गाडा पळवला, पण बैल पळताना आज दिसला. मग ते चित्र आलं. अण्णा थांबले. पिवळ्यामागचा तो ठिपका त्यांनी बोटानं दाखवला, आणि दोरी दाखवली, आणि मधली एक हात जागा बोटानं मापली.

"ह्याचा मोठा फोटो काढून दे," म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले, अण्णा, यात अजून लागलेलं नाही, पुढचं दुसरं चित्र घेऊ, त्यात निशाणाला टेकलाय, छान दिसतो.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तू न्हाई म्हणलीस तो."

तो फोटो डिंगोऱ्याच्या घरात ढालींच्या वर लावलाय. नुसतं पिवळं दिसतं, म्हणून येणारा प्रत्येक पाव्हणा विचारतो, हे कशाचं? कुठला घाट जिंकला? मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर कुणीतरी असंच विचारलं. अण्णांचा आवाज आत ऐकू आला.

"हारलो तिथं," ते म्हणाले. "मोजलं व्हतं आमच्या लेकीनं."